विश्वात गुठळ्या किती?

विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, हे आता बऱ्याच जणांना तोंडपाठ असतं. बिग बँग, ब्लॅक होल, डार्क मॅटर हे शब्दही गप्पांत सहज येऊन जातात. पण मला गेली बरीच वर्षं ज्या आकड्यानं धरून ठेवलंय तो कुणाच्या गप्पांत फारसा येत नाही. त्याचं नाव सिग्मा-८ आणि त्याची किंमत साधारण ०.८१. नाव रुक्ष, आकडाही दिसायला काही खास नाही, पण विश्वाबद्दल आपण जी गोष्ट रचलीय ती कितपत खरी आहे हे तपासायला यापेक्षा कडक परीक्षक मला तरी माहीत नाही, आणि या एका आकड्यावरून गेल्या चाळीसेक वर्षांत जे वाद झाले, जी मॉडेलं मोडली, ते वाचताना मी कुठल्याही कादंबरीत गुंतत नाही इतकी गुंतून जाते.

आधी हा आकडा काय सांगतो ते बघू. विश्वात पदार्थ सगळीकडे सारखा पसरलेला नाही. कुठे दीर्घिकांची दाटी तर कुठे कोट्यवधी प्रकाशवर्षं नुसती पोकळी. आता मनातल्या मनात एक गोल घ्या, त्रिज्या सुमारे ३.९ कोटी प्रकाशवर्षं. किती मोठा म्हणाल तर आपली आकाशगंगा लाखभर प्रकाशवर्षं रुंद, देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर, आणि कन्या राशीतला दीर्घिकांचा मोठा समूह साडेपाच कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास, म्हणजे आपल्याला मधे धरून हा गोल काढला तर देवयानी अगदी शेजारी येते पण कन्या समूह मात्र बाहेरच राहतो. हा गोल विश्वात कुठेही ठेवा आणि आत किती पदार्थ आहे ते मोजा, दिसणारा न दिसणारा सगळा. मग गोल उचला, दुसरीकडे ठेवा, परत मोजा. असं करत राहिलं की एक सरासरी निघते, आणि प्रत्येक ठिकाणचं माप त्या सरासरीपासून किती वरखाली जातं तेही कळतं. ही वरखाली होण्याची सर्वसाधारण मात्रा म्हणजे सिग्मा-८. ती शून्य असती तर विश्व पार गुळगुळीत राहिलं असतं, ना दीर्घिका, ना तारे, ना हे लिहिणारं वाचणारं कुणी. ती जितकी जास्त तितकं विश्व गुठळ्यागुठळ्यांचं. ०.८१ म्हणजे चढउतार सरासरीच्या ८१ टक्क्यांच्या घरात. (यात एक बारकावा आहे, सुरुवातीच्या चढउतारांची वाढ साध्या सरळ नियमानं आजपर्यंत होत आली असं धरून काढलेली ही किंमत असते, प्रत्यक्षात गुठळ्या कोसळून जो गुंता होतो तो वेगळा हिशोबात घेतात.)

आणि आठच का? तर सुरुवातीच्या काळात लोकांकडे मोजायला दीर्घिकाच होत्या, आणि त्यांच्या मोजणीत दिसलं की ८ मेगापार्सेक (मेगापार्सेक हे अंतराचं एकक, आणि हे ८ हबल स्थिरांकाच्या, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाच्या दराच्या, त्यांच्या ठरलेल्या एककात; वरची ३.९ कोटी प्रकाशवर्षं ती हीच) एवढ्या त्रिज्येच्या गोलात दीर्घिकांच्या संख्येचे चढउतार जवळजवळ सरासरीइतकेच असतात. सोयीचं माप मिळालं, ते रूढ झालं. योगायोग असा की एवढ्या गोलात सरासरीनं जितका पदार्थ मावतो तेवढाच कोसळून एक दणकट दीर्घिकासमूह बनतो, दोनावर १४ शून्यं इतक्या सूर्यांच्या वजनाच्या आसपासचा. त्यामुळे नुसते समूह मोजले तरी या आकड्याचा अंदाज लागतो.

आता खरी मजा ही की हा आकडा दोन टोकांकडून काढता येतो, आणि ती दोन टोकं एकमेकांपासून जवळपास विश्वाच्या वयाइतकी लांब आहेत.

एक टोक बिग बँगनंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं. तेव्हा विश्व एवढं थंड झालं की इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन जोडून अणू बनले, प्रकाशाची वाट मोकळी झाली आणि तो प्रकाश आजही सगळीकडून येतोय, ताणून ताणून मायक्रोवेव्ह झालेला, २.७२५ केल्विन तापमानाचा. पेन्झियस आणि विल्सन यांनी १९६५ साली तो जाहीर केला तेव्हा तो सगळ्या दिशांनी अगदी सारखा दिसत होता, आणि पुढची सत्तावीस वर्षं लोक त्यात फरक शोधत राहिले. हे मला फार थरारक वाटतं, कारण फरक असायलाच हवा होता, नसता तर आपण कुठून आलो हाच प्रश्न पडला असता. १९९२ मध्ये कोबी उपग्रहाला तो सापडला. लाखात एक. एका अंशाचे काही लाखांश इतका कमीजास्तपणा, बस्स.

इथे एक साधा हिशोब आहे तो मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. गुरुत्वाकर्षणाचा स्वभावच असा की जिथे थोडा जास्त पदार्थ आहे तिथे आणखी ओढला जातो, आणि जिथे कमी आहे तिथून निघून जातो. पण विश्व त्याच वेळी पसरतही असतं, त्यामुळे ही वाढ झपाट्यानं होत नाही, विश्व जितक्या पट पसरेल साधारण तितक्याच पट चढउतार वाढतात. तो प्रकाश निघाल्यापासून आजपर्यंत विश्व सुमारे ११०० पट पसरलंय. म्हणजे लाखात एकचा फरक वाढून वाढून शंभरात एकपर्यंत पोचायचा. एक टक्का! एक टक्क्याच्या चढउतारातून दीर्घिका बनत नाहीत. आणि आकाशात तर दीर्घिका ठासून भरल्यात, जिथे घनता सरासरीच्या लाखो पट आहे.

तर मग हे जुळवायचं कसं? त्या प्रकाशाबरोबर बांधलेला नसलेला, प्रकाशाचा धक्का न लागणारा असा काहीतरी पदार्थ हवा, जो आधीपासूनच गुपचूप गोळा होत होता. साधा पदार्थ, म्हणजे ज्याचे आपण बनलोय तो, प्रकाशाच्या दाबामुळे एकत्र येऊच शकत नव्हता, जरा जमला की प्रकाश त्याला परत बाहेर ढकलायचा, त्यातून आवाजाच्या लाटा उठायच्या. डार्क मॅटरला प्रकाशाचं काही देणंघेणं नाही. त्याच्या गुठळ्या तेव्हाच बऱ्याच पुढे गेल्या होत्या, आणि प्रकाश सुटल्यावर साधा पदार्थ त्या तयार खड्ड्यांत जाऊन पडला. विश्वशास्त्रज्ञ जेम्स पीबल्स यांनी १९८२ मध्ये हे गणित मांडलं आणि सांगितलं की थंड, संथ डार्क मॅटर असेल तर आकाशातले फरक इतके बारीक असूनही चालतील. दहा वर्षांनी कोबीनं तसेच दाखवले. डार्क मॅटर म्हटलं की लोक दीर्घिकांच्या फिरण्याचा पुरावा देतात, तो चांगलाच आहे, पण माझ्या मते त्याहून भक्कम पुरावा हा आहे, कारण इथे प्रश्न एखाद्या दीर्घिकेचा नाही, दीर्घिका मुळात असण्याचाच आहे.

दुसरं टोक म्हणजे आजचं, आपल्या आजूबाजूचं विश्व. ते मोजणं ऐकायला सोपं वाटतं आणि प्रत्यक्षात फार कष्टाचं आहे. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत डोनाल्ड शेन आणि कार्ल विर्टानेन यांनी आकाशाचे फोटो काचेच्या प्लेटांवर घेतले आणि त्यावरच्या दीर्घिका डोळ्यांनी मोजल्या, चौकट चौकट करून, वर्षानुवर्षं, दहा लाखांच्या आसपास. कॉम्प्युटर नाही, कॅमेऱ्यातली चिप नाही, भिंगातून बघायचं, हा ठिपका तारा की दीर्घिका ते ठरवायचं, आकडा लिहायचा, पुढची चौकट. १९६७ मध्ये ती मोजणी छापून आली, आणि १९७० च्या दशकात पीबल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच आकड्यांतून काढलं की एका दीर्घिकेपासून अमुक अंतरावर दुसरी सापडायची शक्यता सरासरीपेक्षा किती जास्त. त्यातून आलेला नियम इतका साधा निघाला, अंतर वाढलं की दाटी एका ठरावीक घातानं कमी होते, की बघून आश्चर्य वाटतं. आज आपण कोटींच्या गोष्टी करतो पण त्या दोन माणसांच्या डोळ्यांबद्दल मला कायम आदर वाटत राहील.

गुठळ्यांच्या मोजमापानं पहिलं मोठं मॉडेल पाडलं ते १९८० च्या दशकात. १९८० साली मॉस्कोतल्या एका प्रयोगातून बातमी आली की न्यूट्रिनोला, म्हणजे पदार्थातून सहज आरपार जाणाऱ्या अतिहलक्या कणाला, वस्तुमान आहे, ३० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (कणांचं वजन मोजायचं एकक) आसपास. हे खरं असतं तर डार्क मॅटरचा प्रश्न तिथेच सुटला असता, कारण न्यूट्रिनो विश्वात प्रचंड संख्येनं आहेत हे माहीतच होतं. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ झेल्डोविच यांच्यासारखा दिग्गज त्या बाजूनं. पण न्यूट्रिनो पळतात फार जोरात, लहान गुठळ्या ते टिकूच देत नाहीत, आधी प्रचंड मोठ्या चपट्या रचना आणि मग त्या फुटून दीर्घिका, असा उलटा क्रम येतो. सायमन व्हाइट, कार्लोस फ्रेंक आणि मार्क डेव्हिस यांनी १९८३ मध्ये कॉम्प्युटरवर असं विश्व चालवून बघितलं, आणि त्यातली दाटी खऱ्या आकाशाशी काही केल्या जुळेना. मॉडेल गेलं. मॉस्कोचं ते मापही पुढे टिकलं नाही. म्हणजे प्रयोगशाळेत एका कणाचं वजन चुकीचं आलं होतं आणि ते पटण्यासारखं नाही हे आकाशातल्या दीर्घिकांच्या दाटीनं आधीच सांगितलं होतं. मला ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते, पुढे परत येईन तिच्याकडे.

मग आलं थंड डार्क मॅटर. १९८५ मध्ये डेव्हिस, एफस्टाथिओ, फ्रेंक आणि व्हाइट या चौघांनी ३२,७६८ कण घेऊन सिम्युलेशन केलं, आजच्या मानानं किती इवलंसं, आणि ते खऱ्या विश्वासारखं दिसत होतं. त्या काळातलं आवडतं मॉडेल असं की विश्वात सगळा पदार्थच पदार्थ, डार्क एनर्जी वगैरे काही नाही, सगळं कसं देखणं आणि नेमकं. मग एपीएम नावाच्या यंत्रानं फोटो प्लेटा स्कॅन करून सुमारे २० लाख दीर्घिकांची मोजणी केली, आणि मोठ्या अंतरांवर गुठळ्या त्या मॉडेलपेक्षा जास्त निघाल्या. जॉर्ज एफस्टाथिओ, विल सदरलँड आणि स्टीव्ह मॅडॉक्स यांनी १९९० मध्ये नेचरमध्ये लिहिलं की हे जुळवायचं तर विश्वातला ८० टक्क्यांपर्यंतचा भाग पदार्थ नसून आइन्स्टाइननं टाकून दिलेला तो वैश्विक स्थिरांक, म्हणजे रिकाम्या जागेचीच ऊर्जा, डार्क एनर्जीचं सगळ्यात साधं रूप, असावा. १९९०! सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे स्फोट, बघणाऱ्यांनी विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे १९९८ मध्ये सांगितलं, त्याला २०११ चं नोबेल मिळालं, आणि गुठळ्या मोजणारे आठ वर्षं आधीच तिथे पोचले होते.

कोबीचे आकडे आल्यावर तर जुन्या मॉडेलची अडचण आणखीच उघडी पडली. आकाशातल्या फरकांवरून पुढे हिशोब करत आलं की सिग्मा-८ एकच्या वर यायचा, आणि दीर्घिकासमूह मोजून त्याच मॉडेलमध्ये ०.६ च्या आसपास. एकाच विश्वाचे दोन आकडे, जवळपास दुपटीचा फरक. चूक मापात नव्हती, मॉडेलातच होती. विश्वात पदार्थ फक्त तीस टक्क्यांच्या आसपास आहे असं घेतलं की दोन्ही टोकं एकमेकांजवळ सरकतात. आजचं आपलं मॉडेल त्या न जुळण्यातून उभं राहिलंय, आणि हे मी मुद्दाम ठासून लिहितेय कारण पुढची गोष्ट बरोबर याच्या उलट गेली.

दीर्घिका मोजण्यात एक खोच पहिल्यापासून होती, दीर्घिका म्हणजे पदार्थ नव्हे. पदार्थाचा बहुतेक भाग दिसतच नाही, आणि दीर्घिका जिथे दाटी आहे तिथेच जास्त उगवतात, त्यामुळे त्यांच्या मोजणीवरून खऱ्या पदार्थाचे चढउतार फुगलेले दिसू शकतात. यावरचा उपाय म्हणजे गुरुत्वीय भिंग. लांबच्या दीर्घिकेचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेतल्या पदार्थामुळे किंचित वाकतो, मग तो पदार्थ दिसो न दिसो, आणि त्या दीर्घिकेचा आकार आपल्याला जरासा ताणलेला दिसतो. वाहत्या पाण्यातून तळाचे गोटे वेडेवाकडे दिसतात आणि त्या वेडेवाकडेपणावरूनच पाणी कुठे खोल कुठे उथळ ते सांगायचं, तसं काहीसं. फक्त इथे ताण एक टक्क्याच्या आसपास असतो आणि दीर्घिका मुळातच त्याच्या तीसेक पट लांबट असतात, त्यामुळे एका दीर्घिकेवरून काहीच कळत नाही, लाखो करोडो दीर्घिकांची सरासरी काढली तरच तो ताण वर येतो. २००० साली चार वेगवेगळ्या गटांनी एकाच वर्षात तो पकडला.

त्यानंतर या कामाला जो वेग आला तो बघण्यासारखा आहे. चिलीतली ४ मीटर दुर्बीण आणि तिच्यावरचा ५७ कोटी पिक्सेलचा कॅमेरा घेऊन डार्क एनर्जी सर्व्हे, चिलीतच पॅरानाल इथल्या २.६ मीटरच्या दुर्बिणीवर किड्स, आणि हवाईच्या सुबारू दुर्बिणीवर एचएससी. तिघांनी आकाशाचे वेगवेगळे तुकडे घेतले, वेगवेगळे सॉफ्टवेअर, वेगवेगळी माणसं. भिंगातून सिग्मा-८ एकटा नीट निघत नाही, पदार्थ किती आणि तो किती गुठळ्यांचा यांचं मिश्रणच मोजता येतं, त्या मिश्रणाला एस-८ म्हणतात.

तर प्लँक उपग्रहानं विश्वाच्या बालपणीचा प्रकाश बारकाईनं मोजून २०१८ मध्ये सांगितलं होतं की आजचा एस-८ यायला हवा ०.८३२. किड्सनं सुमारे १००० चौरस अंशातल्या २ कोटी १० लाख दीर्घिकांवरून काढला ०.७५९. डार्क एनर्जी सर्व्हेचा ०.७७६. एचएससीचाही तसाच, ०.७७ च्या आसपास. तिघंही खाली. विश्व जितकं गुठळ्यांचं असायला हवं तितकं नाहीये, सात ते नऊ टक्के कमी. एकेकट्याचा फरक दोन ते तीन सिग्मा (हा सिग्मा वेगळा, मापातल्या अनिश्चिततेच्या किती पट फरक आहे ते सांगणारा), म्हणजे योगायोग म्हणून सोडता येईल असाही आणि झोप उडवेल असाही.

त्या दोनचार वर्षांत एस-८ टेन्शन हे शब्द शोधनिबंधांच्या मथळ्यांत सारखे दिसायचे. डार्क मॅटर हळूहळू विघटित होत असेल, डार्क एनर्जीशी काही देवाणघेवाण करत असेल, गुरुत्वाकर्षणाचा नियमच मोठ्या अंतरांवर बदलत असेल, एक से एक कल्पना. मी ते सगळं वाचायचे आणि मनातून मला फार वाटायचं की मॉडेल मोडावं. १९९० सारखं पुन्हा काहीतरी व्हावं, आपल्या डोळ्यांदेखत. ही इच्छा फक्त माझी नव्हती हेही दिसत होतं, आणि काही जणांची इच्छा याच्या नेमकी उलट, मॉडेल टिकावंच अशी.

म्हणूनच या लोकांची एक पद्धत मला मनापासून आवडते, आंधळं विश्लेषण. किड्सवाले आपल्या मोजमापाचे तीन संच बनवून ठेवतात, त्यातला एकच खरा आणि बाकी दोन थोडे बदललेले, आणि कुठला खरा हे टीममधल्या कुणालाच माहीत नसतं, ते बाहेरच्या माणसाकडे असतं. सगळं विश्लेषण तिन्हींवर करायचं, सगळे निर्णय आधी घेऊन टाकायचे, पेपर जवळजवळ लिहून ठेवायचा, आणि मग उघडायचं. उघडल्यावर बदल करायचे नाहीत. डार्क एनर्जी सर्व्हेची पद्धत जरा वेगळी पण हेतू तोच. आपल्याला काय हवंय हे आपल्या हातापासून लांब ठेवायची इतकी कडक शिस्त मी दुसरीकडे फार कमी बघितलीय. उत्तर माहीत असलं की माणूस नकळत तिकडे झुकतो, आणि इथे तर झुकायला जागा पुष्कळ, दीर्घिकांचे आकार दुर्बिणीच्या आणि हवेच्या धूसरपणातून काढायचे, शेजारच्या दीर्घिका मुळातच एकमेकींच्या रांगेत असतात ते वजा करायचं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे अंतर. कोट्यवधी दीर्घिकांचा वर्णपट घेणं शक्य नाही, तेव्हा वेगवेगळ्या फिल्टरमधल्या रंगांवरून ताम्रसृतीचा, म्हणजे प्रसरणामुळे प्रकाश किती तांबडा सरकलाय त्याचा, अंदाज बांधायचा, त्यावरून अंतर. तो अंदाज थोडा सरकला की एस-८ सरकला.

आणि मग २०२२ मध्ये एक पेपर आला, अलेक्झांड्रा अमॉन आणि जॉर्ज एफस्टाथिओ यांचा. हो, तेच एफस्टाथिओ ज्यांनी १९९० मध्ये न जुळणाऱ्या गुठळ्यांवरून वैश्विक स्थिरांक परत आणायला सांगितलं होतं. या वेळी त्यांचं म्हणणं असं की मॉडेलला हात लावायची गरज नसावी, मोठ्या अंतरांवर सगळं प्लँकसारखंच असेल आणि फक्त लहान अंतरांवर चढउतार आपल्या अंदाजापेक्षा जास्त दबलेले असतील तरी आकडे जुळतात. दबतील कशामुळे? एक उमेदवार अगदी साधा, वायू. दीर्घिकांच्या मधली महाकाय कृष्णविवरं इतक्या जोरानं ऊर्जा फेकतात की आजूबाजूचा वायू लांबवर ढकलला जातो, आणि साध्या पदार्थाचा बराचसा भाग वायूच असल्यामुळे गुठळीची धार बोथट होते. एकाच माणसानं एकदा मॉडेल मोडा म्हणावं आणि तीस वर्षांनी तशाच न जुळण्याकडे बघून थांबा म्हणावं, हे मला धोरण बदलणं वाटत नाही. दोन्ही वेळा आकडे जिकडे नेत होते तिकडे ते गेले. २०२४ मध्ये चिलीतली, आदिम प्रकाश बघणारी अटाकामा कॉस्मॉलॉजी टेलिस्कोप आणि दीर्घिकांचे वर्णपट घेणारं डेसी हे यंत्र यांची निरीक्षणं एकत्र करून दीर्घिकांभोवतीचा वायू बघितला गेला, तर तो डार्क मॅटरपेक्षा बराच जास्त पसरलेला निघाला. म्हणजे वायूचा मुद्दा हवेत मारलेला नव्हता.

मार्च २०२५ मध्ये किड्सचा शेवटचा निकाल आला, १३४७ चौरस अंश, ताम्रसृतीचं मोजमाप आणि त्याची तपासणी आधीपेक्षा खूप सुधारलेली. एस-८ ०.८१५. प्लँकशी व्यवस्थित जुळणारा. ज्या टीमनं टेन्शन सर्वांत ठळक दाखवलं होतं त्याच टीमनं ते मिटलं असं सांगितलं, आणि तेही आंधळ्या पद्धतीनं. तो पेपर वाचून मी खट्टू झाले होते, खरं सांगायचं तर. पण त्या खट्टू होण्याला मोजमापात काही जागा नाही, आणि ती नसावी याचीच तर सगळी व्यवस्था केलेली असते. सगळं मिटलं असंही नाही, इरोसिटा या क्ष-किरण दुर्बिणीनं पाच हजारांवर दीर्घिकासमूह मोजून २०२४ मध्ये एस-८ ०.८६ सांगितला, म्हणजे उलट प्लँकच्याही वर. अटाकामाच्या दुर्बिणीनं आदिम प्रकाशाच्याच वाकण्यावरून २०२३ मध्ये सिग्मा-८ काढला तो ०.८१९, प्लँकशी जुळणारा.

१९९० चं न जुळणं आणि २०२० चं न जुळणं, आत उभं राहून बघितलं तर दोन्ही सारखीच दिसतात. दोन आकडे, मधे फट. एकदा फटीत नवं विश्व सापडलं आणि एकदा मुख्यतः मोजपट्टीतली कसर. आधीपासून ओळखता येईल अशी कुठलीही खूण त्या फटीवर नव्हती. १९९० मध्ये मोजपट्टीवर संशय घेणारे काही मूर्ख नव्हते आणि २०२० मध्ये नवं भौतिकशास्त्र शोधणारेही नव्हते. काम दोन्ही वेळा एकच होतं, मोजत राहणं, आणि आधीपेक्षा बारीक मोजणं.

आता पुढची फट दिसायला लागलीय आणि ती नेमकी न्यूट्रिनोशी येऊन भिडतेय. न्यूट्रिनो हा मुख्य डार्क मॅटर नाही हे १९८३ लाच ठरलं, पण त्यांना थोडं का होईना वस्तुमान आहे हे पुढे पक्कं झालं, आणि थोडं वस्तुमान म्हणजे गुठळ्या थोड्या कमी. त्यामुळे विश्वातल्या गुठळ्या नीट मोजल्या की तिन्ही प्रकारच्या न्यूट्रिनोंच्या वस्तुमानाची बेरीज पकडता येते. न्यूट्रिनो एकमेकांत बदलतात त्या प्रयोगांवरून ही बेरीज किमान ०.०६ इलेक्ट्रॉनव्होल्ट तरी हवी. प्रयोगशाळेत थेट मोजायचा प्रयत्न म्हणजे जर्मनीतला काट्रीन, त्यानं २०२५ मध्ये एका न्यूट्रिनोसाठी ०.४५ ची वरची मर्यादा दिली. आणि आकाश त्याच्या कितीतरी पुढे निघून गेलंय. डेसीनं, म्हणजे ॲरिझोनात किट पीकवरच्या ४ मीटर दुर्बिणीवर बसवलेल्या ५००० फायबरच्या त्या यंत्रानं, मार्च २०२५ मध्ये आदिम प्रकाशाच्या मापांबरोबर मिळून नेहमीच्या मॉडेलमध्ये सांगितलं की बेरीज ०.०६४ पेक्षा कमी असावी.

किमान ०.०६, कमाल ०.०६४. उरलेली जागा बघा केवढीशी. शिवाय न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रम उलटा निघाला, म्हणजे दोन जड आणि एक हलका, तर किमान बेरीज ०.१ होते आणि मग ही दोन मापं सरळ सरळ एकमेकांना छेद देतात. मॉडेलमध्ये डार्क एनर्जीला काळाबरोबर बदलू दिलं की वरची मर्यादा सैल होते, आणि डेसीच्याच निरीक्षणांत डार्क एनर्जी बदलत असल्याची चिन्हं वेगवेगळ्या सुपरनोव्हा संचांप्रमाणे २.८ ते ४.२ सिग्मा इतकी दिसतात, त्यामुळे हे दोन धागे एकमेकांत गुंतलेत. चीनमध्ये जमिनीखाली जूनो नावाचा प्रयोग ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालाय, २० हजार टन द्रव भरलेला प्रचंड गोल, त्याचं मुख्य काम हा क्रम सुलटा की उलटा ते सांगणं. इकडे युक्लिड उपग्रह १४,००० चौरस अंश आकाश बघतोय आणि चिलीत रुबिन वेधशाळेचा ३२० कोटी पिक्सेलचा कॅमेरा सुरू झालाय, दोघंही दीर्घिकांच्या आकारांवरून गुठळ्याच मोजणार. ४० वर्षांपूर्वी कणाचं वजन चुकलंय हे आकाशानं सांगितलं होतं. या खेपेला जूनोचं उत्तर उलटा क्रम असं आलं, तर ०.०६४ या आकड्याचा जाब आकाशाला द्यावा लागेल.